दोन किमतींची गाडी

पहाटे पाच वाजता नगर सोडलं. गाडी माझी, चालवणारी मी, आणि परतताना ती बरोबर नसणार म्हणून कल्याणहून सुटणाऱ्या एसटीच्या वेळा कागदावर लिहून पर्समध्ये ठेवलेल्या. गाडी सातजणांची. मुलगी लग्न होऊन गेली, मिस्टरांचं डोळ्यांमुळे गाडी चालवणं बंद झालं आणि मी दिवसभर माझ्या औषधांच्या दुकानात. नुसत्या उभ्या गाडीचा विमा भरत राहण्यात अर्थ नव्हता. मोबाइलवर जाहिरात टाकली. किंमत लिहिली चार लाख ऐंशी हजार. एवढे कोणी देणार नाही हे मला माहीत होतं. घासाघीस होईल म्हणून वरचा आकडा धरला होता.

घासाघीस झालीच नाही. तिसऱ्या दिवशी एका माणसाचा फोन आला. नाव सांगितलं होतं, पण ते खरं नव्हतं हे आता माहीत असल्यामुळे त्याला नुसतं दलाल म्हणते. बोलणं नम्र, शुद्ध. म्हणाला, कल्याणला बांधकामाचा व्यवसाय आहे. शहापूरकडचा भास्कर नावाचा माणूस मला मजूर पुरवतो, त्याला ही गाडी घेऊन देतोय. थोडा हिस्सा तो माझ्या खात्यात भरेल, मग पूर्ण रक्कम मी तुमच्या खात्यात टाकतो. "फक्त त्याच्यासमोर किमतीचा विषय काढू नका, मॅडम. आमच्यातलं जुनं देणंघेणं आहे, त्याला संकोच वाटेल."

माझ्या अटी पक्क्या होत्या. धनादेश नको, रोख नको. मोबाइलवरचा संदेश मी मानणार नाही. माझ्या शाखेने फोनवर पैसे जमा झाल्याचं सांगितलं की मगच किल्ली आणि मूळ कागद. त्याने सगळं मान्य केलं. मला स्वतःचं कौतुक वाटलं.

आळेफाटा, ओतूर मागे पडलं आणि माळशेज घाट सुरू झाला. पावसाळ्यात इथे लोक धबधब्याखाली नाचायला येतात. पौषात घाट कोरडा, करडा, मोकळा असतो, आणि मला तोच बरा वाटला. वळणावर माकडं बसली होती. गाडी हळू केली की उठायची, काही मिळत नाही हे बघून पुन्हा बसायची. घाट उतरल्यावर हवा बदलली. दमट, थोडी उबदार. कापलेल्या भातखाचरांत पेंढ्याच्या उडव्या (रचलेले ढीग) उभ्या होत्या.

वैशाखऱ्याला चहासाठी थांबले. टपरीवालीने मला आणि गाडीला आळीपाळीने बघून घेतलं.

"एकटीच कुठं चाललीस गो बाय?"

"गाडी विकायला."

"म्हशाला काय? जत्रा भरली हाय."

"म्हशाला बैल विकतात ना?"

"आता बैलाला कोण इचारतो! तू ने, तुझ्याच गाडीला गिऱ्हाईक भेटंल." ती स्वतःच्याच विनोदावर इतकी हसली की चहा बशीत सांडला. तो तिने तसाच माझ्यापुढे सरकवला.

पुढे एक बैलांचा टेम्पो लागला. त्याच्या मागे अर्धा तास रांगत गेले आणि त्या नादात सरळगावचं उजवं वळण चुकलं. मुरबाड आल्यावर चूक कळली. बाजारात गर्दी, दोन्ही बाजूंना हातगाड्या, गाडी वळवायला जागा नाही. एका भाजीवाल्याने पाट्या उचलून जागा करून दिली आणि मोबदल्यात वालाच्या शेंगा किलोभर गळ्यात मारल्या. दहा-बारा किलोमीटर उलटं जाऊन किन्हवलीचा रस्ता धरला. हा रस्ता छान आहे. भात निघालेल्या जमिनीत वाल पेरलेला, हिरवा, गुडघ्याएवढा. मधूनच वीटभट्टीचा धूर आणि लांबवर डोंगराची रेघ.

भास्करचं गाव शहापूरच्या अलीकडे, रस्त्यापासून आत. तो वाटेवर येऊन उभा होता. पस्तिशीचा, बारीक, इस्त्रीचा शर्ट घातलेला. अंगणात त्याची बायको सुनीता आणि वडील. वडिलांना सगळे आबा म्हणत. आबांनी माझ्याशी बोलायच्या आधी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, चाकांवर टाच मारून पाहिली आणि बैलाचं तोंड उघडून दात बघावेत तसं बॉनेट उघडायला लावलं.

"पाण्यात गेली होती काय?"

"नाही."

"ठोकली?"

"मागचा दिवा एकदा. मीच ठोकली."

"खरं बोलते बाई," आबा मुलाला म्हणाले. "घे."

मग जेवण. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं (मोड आणून सोललेल्या वालांची उसळ) आणि बाजूला भाजलेला सुका बोंबील. सुनीता वाढता वाढता बोलत होती. आसपासच्या पाड्यांतून रोज आसनगाव स्टेशनला जाणारी माणसं आहेत, सकाळी सहाच्या फास्टसाठी त्यांना पाचला निघावं लागतं, रिक्षा मिळत नाही. बारा पासवाले तिने आधीच ठरवून ठेवले होते. दोन फेऱ्या होतील. गाडीचं पासिंग बदलून रीतसर भाड्याची करायची, त्याचीही चौकशी तिने केली होती. "म्हशाला बैलजोडी दिली," ती म्हणाली. "बाकीचे माझ्या बचत गटातून उचलले. हप्ता माझ्या नावावर हाय, म्हणून गाडीचा टाइम पण मीच ठरवणार. यांनी नुसती चालवायची."

"बघा," भास्कर म्हणाला, "मालकीण आधी, गाडी मागून."

मजूर पुरवणाऱ्या माणसाच्या घरी बैल विकून आणि गटाचं कर्ज काढून पैसे का उभे केले असतील, हा प्रश्न मला तिथे पडायला हवा होता. पडलाही. पण दलालाने सांगितलेला हिस्सा तो हाच, असं मी स्वतःला समजावलं आणि दुसरी भाकरी घेतली. किमतीचा विषय काढायचा नव्हता. मला तो काढायची घाईही नव्हती. चार लाखांच्या गाडीला चार ऐंशी मिळत होते.

बँक शहापूरच्या बाजारात. आम्ही चौघं गाडीतूनच गेलो. सुनीताने फॉर्म भरला, दलालाने मोबाइलवर पाठवलेला खाते क्रमांक एकेक आकडा बोट ठेवून उतरवला. मग उठून माझ्याकडे आली आणि कागद पुढे केला.

"मॅडम, खातं बरोबर हाय काय बघता?"

"ते तुमचं आणि त्यांचं आहे," मी म्हणाले. "मला नका दाखवू."

मी मान वळवली आणि भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसले. तिला वाटलं मी मोठेपणाने वागतेय.

पैसे गेले. दहा मिनिटांत दलालाने मला एका पावतीचा फोटो पाठवला: चार लाख ऐंशी हजार, माझं नाव, माझा खाते क्रमांक. मी शाखेत फोन केला. काही जमा नव्हतं. बँकेच्या पायऱ्यांवर बसून राहिलो. अर्ध्या तासाने पुन्हा फोन. काही नाही. भास्कर दोनदा म्हणाला, "मॅडम, किल्ली द्या, ऊन होतंय, आमी निघतो." मी दोनदा सांगितलं, पैसे जमा झाल्याशिवाय नाही. तिसऱ्यांदा त्याचा आवाज चढला.

"पैसं तर दिलं ना!"

"मला नाही मिळाले."

"तुमच्या दिराला दिलं. आता तुमच्या घरातलं तुमी बघा."

"कोणाला?"

"तुमच्या दिराला. मोबाइलवर गाडीची जाहिरात त्याचीच होती. त्यानंच सांगितलं, वयनी गाडी घेऊन येईल, तिच्यापुढं पैशाचं बोलू नका, घरात वाद हायेत."

"मला दीर नाही," मी म्हणाले. "माझे मिस्टर एकुलते एक आहेत."

भास्करने दलालाला फोन लावला. बंद. मी लावला. बंद. सुनीताने फॉर्मची प्रत माझ्या हातात दिली. आता मी ती वाचली. रक्कम तीन लाख पन्नास हजार. खातेदाराचं नाव मी आयुष्यात ऐकलेलं नव्हतं.

बँकेच्या माणसाने लगेच जिथे कळवायचं तिथे कळवलं. आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. तक्रार त्यांनी नीट लिहून घेतली, दोघांचीही. लिहिणारा हवालदार निम्म्यातच थांबला आणि म्हणाला, "तुम्ही दोघं सकाळपासून एकत्र आहात. जेवलात एकत्र. एकदाही किंमत बोलला नाहीत?" दुपारी चारच्या सुमारास निरोप आला: पैसे त्या खात्यातून केव्हाच पुढे गेले होते.

बाहेर आल्यावर भास्कर गाडीच्या दाराला पाठ लावून उभा राहिला. "गाडी इथंच राहील. हिला कसं ठाव नसंल? दोघांनी मिळून केलं."

"माझी गाडी माझ्या नावावर आहे," मी म्हणाले. "बाजूला व्हा."

"बैल गेलं आमचं!"

"मी नेले नाहीत."

हे वाक्य मी बोलले. आज लिहिताना गाळावंसं वाटलं, पण बोलले होते.

आबांनी मुलाच्या दंडाला धरून त्याला बाजूला घेतलं. मग माझ्याशी बोलले, पण माझ्याकडे न बघता. "चूक माझी हाय, बाई. पोरगा मला म्हणला होता, आबा, मालकिणीला इचारू का किंमत. मी म्हणलं, इचारायचं नसतं." मग त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढून स्वतःच्या हातावर टाकला आणि मला दाखवलं. म्हशाच्या बाजारात दलाल असाच रुमालाखाली हात धरतो. विकणाऱ्याची बोटं वेगळी दाबतो, घेणाऱ्याची वेगळी. आकडा कोणी तोंडाने बोलत नाही. मालकाला थेट किंमत विचारणं म्हणजे दलालाचा अपमान, आणि मालकाचाही. "चाळीस वर्सं असाच धंदा केला. कधी फसलो नाय. पण तो दलाल तिथंच उभा असतो. जनावर दावणीला जाईस्तोवर हलत नाय. त्याचं घर ठाव असतं आमाला." रुमाल त्यांनी पुन्हा खांद्यावर टाकला. "ह्याचा हातच नव्हता, आवाज होता नुसता."

त्यांची चूक त्यांच्या रीतीतून आली होती. माझ्याकडे अशी रीत नव्हती. माझ्याकडे लोभ होता आणि त्याला मी सावधपणा म्हणत होते. स्वतःचे पैसे सांभाळायच्या सगळ्या अटी मी घातल्या होत्या. समोरच्याचे पैसे कुठे चाललेत हे बघायची एकही नव्हती.

निघताना सुनीताने काच वाजवली. मी ती खाली केली.

"तुमी त्याला किती सांगितले होते?"

"चार ऐंशी."

तिने मनात वजाबाकी केली असावी. "मंजे आमाला परवडणारीच नव्हती," ती म्हणाली, आणि वालाच्या शेंगांची पिशवी, जी मी जेवणाआधी तिच्या ओट्यावर ठेवली होती आणि तिने पुन्हा गाडीत आणून ठेवली होती, ती मागच्या सीटवरून पुढे सरकवून दिली. "सांडतील घाटात."

किन्हवलीचा तोच रस्ता परत. त्याचं वर्णन करत नाही. समोरच्या डांबरापलीकडे मी काही बघितलं नाही. घाट चढताना ट्रकमागे ट्रक, आणि वर आल्यावर थंडी. नगरला पोचले तेव्हा मिस्टर जागेच होते. सगळं ऐकून म्हणाले, "बरं झालं, आपलं काही गेलं नाही." बाहेरगावी गाडी विकणाऱ्यांना उपयोगी पडेल म्हणून जे शिकले ते लिहून ठेवते. पैसे ज्याच्या नावावर गाडी आहे त्याच्याच खात्यात जायला हवेत. खाते क्रमांक विकणाऱ्याने स्वतः, घेणाऱ्यासमोर सांगायला हवा. आणि पहिल्या भेटीत, चहाच्याही आधी, दोघांनी किंमत मोठ्याने बोलावी. कोणी ती बोलू नका म्हणाला तर तिथूनच परत फिरावं.

गाडी पुढच्या महिन्यात विकली. नगरमधल्याच एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला. त्याने चाकं पाहिली, मागचा दिवा पाहिला, एक आकडा सांगितला आणि त्यावर एक रुपया वाढवला नाही. तीन लाख पंचेचाळीस हजार. भास्करच्या घरून गेले त्यापेक्षा पाच हजार कमी. त्या दिवशी जेवताना मी नुसतं विचारलं असतं, किती देताय, तर सुरुवातीला भांडलो असतो आणि साडेतीनला सौदा झाला असता.

सुनीताचा फोन महिन्याला येतो. पोलिसांकडून काही कळलं का, एवढंच विचारते. मागच्या वेळी म्हणाली, "गाडी हाय ना अजून? पैसं परत आलं तर आमीच घेऊ."

"विकली," मी म्हणाले.

"कितीला गेली?"

दुकानात गिऱ्हाईक उभं होतं. मी त्याला थांबायला खुणावलं.

"चार ऐंशीला."

"मग बरोबर," ती म्हणाली. आवाज जरा सैल झाल्यासारखा वाटला. "आमची नव्हतीच ती."