शुक्राचं एक मत

इंदिरानगरात आमच्या कोपऱ्यावर सायखेड्याची एक बाई भाजी घेऊन बसते. सहा वर्षं मी तिच्याकडूनच भाजी घेतो. जुडी देताना मुळांची माती ती स्वतःच्या पायाशी झटकते, गिऱ्हाइकाच्या पिशवीत जाऊ देत नाही.

परवा लेकीला शाळेतून दहा जणांची मतं आणायला सांगितली होती. पुढचं यान कुठे पाठवावं: चंद्रावर, मंगळावर, शुक्रावर, की कुठेच नको? लेकीचा तक्ता घेऊन मीच फिरलो. नऊ शेजारी झाले, दहावी ही बाई. तिचं उत्तर मला ठाऊकच होतं, म्हणून ‘कुठेच नको’पुढे आधीच खूण केली आणि उगाच आपलं विचारलं.

मेथीवर पाणी शिंपडत ती म्हणाली, “शुक्रावर जा आधी. पहाटं ती चांदणी वर आली की आम्ही मेथी उपटायला वावरात जातो. मधीच लय दिवस दिसत नाय. इतक्या वर्षांची सोबत हाय, कशी हाय ती, कोणीतरी जाऊन बघायला पायजे ना.”

घरी येऊन मी खूण बदलली. शेजारच्या रकान्यात नाव लिहायचं होतं. नऊ नावं न विचारता लिहिली होती. दहावं मला माहीत नव्हतं.