खरंच विचारतेय!

गैरसमज ठेवायला कपाट असतं, तर आमच्या ग्रुपच्या कपाटाचं दार एव्हाना लागलंच नसतं! आम्ही काही जण मराठी शुद्धलेखन तपासणारं एक फुकट सॉफ्टवेअर बनवतो. ओपन सोर्स. म्हणजे कोड सगळ्यांना उघडा, कुणीही दुरुस्ती पाठवावी, पगार कुणालाच नाही. पाठवलेली दुरुस्ती आत घ्यायची की नाही, ते अंबरनाथची सुजाता ठरवते. मी बदलापूरला, शिरगावात राहते. आमचं बोलणं बहुतेक लेखीच. त्यामुळे कोण चिडलंय आणि कोण नुसतं घाईत आहे, हे मला अजूनही ओळखता येत नाही.

*

मी पहिली दुरुस्ती पाठवली, तेव्हा सुजाताचं उत्तर आलं, "हे का केलं?"

बस्स. एवढंच. मी भलीमोठी माफी लिहून पाठवली. लगेच तिचा फोन.

"अगं, माफी कसली? मला कळलं नाही, म्हणून विचारलं!"

तेव्हापासून नियम झाला, की प्रश्नापुढे 'खरंच विचारतेय' असं लिहायचं. दुसऱ्याच दिवशी नरेशचा मेसेज : "ये किसने बिगाडा? खरंच विचारतोय."

मी पुन्हा माफी लिहायला बसले.

*

हा नरेश उल्हासनगरचा सिंधी. पडद्यांच्या कापडाचं दुकान, आणि गिऱ्हाईक नसलं की काउंटरवरच कोडिंग! त्याच्यासाठी जगातला प्रत्येक माणूस 'साईं'. "साईं, जरा बघून घ्या." "थँक्यू साईं, एक नंबर काम!"

नवं व्हर्जन आलं, तेव्हा आभाराचा मजकूर ऋतुजाने लिहिला. ती कॉलेजातली, ग्रुपवर नवीनच. शेवटची ओळ होती : 'सर्वांत जास्त काम करणारे, पण कधीही समोर न येणारे श्री. साईं यांचे विशेष आभार.'

"हे साईं कोण गं?" सुजाताने मला विचारलं.

"मला वाटलं, तू ओळखतेस!"

*

शब्द चुकला की आमचं सॉफ्टवेअर सांगायचं, 'चूक!' ऋतुजा म्हणाली, हे फार उद्धट वाटतं.

वांगणीचे म्हात्रे सर, रिटायर्ड मराठीचे शिक्षक, उखडले. "मी जन्मभर लाल पेनाने 'चूक' लिहिलं. कुणी मेलं का?"

"मेलं नाही, सर," सुजाता म्हणाली, "पण मराठी लिहायचं सोडलं."

मग आम्ही नम्र झालो. 'कदाचित आपल्याला असे म्हणायचे आहे का?' आठवड्यात एका बाईंची तक्रार आली : "कदाचित काय? तुम्हालाच माहीत नाही, तर मी कुणाला विचारू?"

*

आणि मग सरांचं आणि नरेशचं वाजलं. सरांचा आग्रह, की 'केले' तेवढं शुद्ध. 'केलं' लिहिलं की खाली लाल रेघ यायलाच हवी. नरेशने सगळ्यांसमोर लिहिलं, "हमारे यहाँ सगळे 'केलं'च बोलतात. सर, तुम्हाला समजत नाही, तर मध्ये बोलू नका."

सरांनी ग्रुपवर यायचं सोडलं. शब्द तपासणारे ते एकटेच, त्यामुळे कामच थांबलं. सुजाताने नरेशला झापलं, "मुद्दा मांड ना. माणसाला कशाला बोलतोस?" शेवटी मिठाई घेऊन आम्ही तिघं वांगणीला गेलो.

नरेशने सरांचे पाय धरले. सर म्हणाले, "इथे नको. जिथे बोललात, तिथे लिहा."

नरेशने तिथेच सोफ्यावर बसून, घाम पुसत, सगळ्या ग्रुपसमोर माफी लिहिली. सरांनी चष्मा लावून ती वाचली. एका बोटाने बराच वेळ काहीतरी टाइप केलं आणि ते चहा टाकायला आत गेले.

आमच्या तिघांचे फोन एकदम वाजले. सरांचे दोनच शब्द होते : "माफ केलं."

नरेशने फोन डोळ्यांजवळ नेला, मग माझ्यापुढे धरला. "अनुस्वार है ना? मिस्टेक है क्या?"



आतून सरांचा आवाज आला, "साखर किती?"