टाटपट्टीवरची माझी जागा

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार आहेत ते माझ्या चौथीच्या बाईंचे. सत्तरच्या दशकात आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावी त्या शिकवायच्या.

त्या वर्षी माझ्या दंडावर फिकट चट्टा उठला. आमच्याकडे महारोगाची तपासणी करायला शाळेत माणसं येत, त्यामुळे चट्ट्याला लहान पोरंही भीत. वर्गात बसायच्या लांब टाटपट्टीवर माझ्या दोन्ही बाजूंची पोरं दूर सरकली.

"बाई, मी याच्याजोळ नाई बसत. माय मारन मले."

"त्याले हात नोको लावू रे, बोटं झडतीन तुयी!" वर्गातला दांडगा पोरगा ओरडला आणि सगळे हसले.

घरी बाबा म्हणाले, "तपासनीत निघालं तर शाळा बंद."

तपासनीस आले. "कोनाले चट्टा आहे? पुढे या."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. बाई म्हणाल्या, "एकट्याला नाही. सगळ्यांना तपासा. आधी मला."

डोळे मिटायचे आणि कापूस लागेल तिथं बोट ठेवायचं. बाईंनी ठेवलं. दांडग्या पोराची पाळी आली तेव्हा डोळे मिटायच्या आधीच त्यानं विचारलं, "भाऊ, मले काई नाई ना?"

मग मी. डोळे मिटून वाट पाहत राहिलो. शेवटी विचारलं, "लावला का?"

कापूस चट्ट्यावर केव्हाच लावून झाला होता.

"बाई, मंग आता हा शाळेत येईन?" त्या दांडग्या पोरानं विचारलं.

"येईल. गोळ्या घेईल, बरा होईल आणि इथंच बसेल." मग त्या त्याच्याच बोलीत म्हणाल्या, "काऊन रे, आत्ता भेव वाटलं ना तुले? त्याले रोज वाटते. अन् तुमी हासता."

त्यानं मान खाली घातली. बाई माझ्याशेजारी टाटपट्टीवर बसल्या आणि तिथूनच त्यांनी धडा वाचला.

संध्याकाळी त्या घरी आल्या. बाबा म्हणाले, "बाई, लोक काय म्हनतीन?"

"लोकांशी मी बोलते. तुम्ही उद्या त्याला पाठवा."

बाबांनी पाठवलं. पुढे काही वर्षांनी बी. ए.चा निकाल लागला तेव्हा मी बाईंना लिहिलं:

"तीर्थस्वरूप बाईंस, साष्टांग नमस्कार. मी पास झालो. आमच्या घरात पहिलाच. बाबा म्हणाले, आधी बाईले कळव. गोळ्या दवाखान्यानं दिल्याच असत्या. पण तुम्ही आला नसता तर मी घरीच बसलो असतो. जूनपासून सिंदी मेघेला शिकवणार आहे. वर्गात पोरं एकमेकांना चिडवू लागली की आधी कुणाशी बोलावं, हे तुम्हाला विचारायचं आहे. रविवारी येऊ का?"