झाकलेला जबडा

तोंडाच्या कॅन्सरसाठी किरणं घेतली, तेव्हा शेवटच्या दिवशी वर्ध्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "दातांच्या मापाचा हा साचा घ्या. दात किडू नयेत म्हणून रोज त्यात फ्लोराइडचं जेल भरून दातांवर बसवा. गोड चघळू नका. आणि आम्हाला विचारल्याशिवाय दात काढू नका. किरणं लागलेलं हाड भरून येत नाही, कधीकधी सडतं."

मी मान डोलावली. घरी आल्यावर तोंड सदा कोरडं, म्हणून दिवसभर गालात खडीसाखर. पाहुण्यांना दिसू नये म्हणून साचा कपाटात साड्यांमागे ठेवला तो तिथंच राहिला. माझ्या पायावर धोंडा मीच पाडून घेतला. आमच्या नात्यागोत्यात माझा आजार म्हणजे नुसती 'घशाची गाठ' होती.

दीड वर्षात खालची दाढ ठणकायला लागली. नणंद म्हणाली, "आपल्या आष्टीतच काढून घे. पण त्या आजाराचं बोलजो नोको, वहिनी. तुया पोरीले पाहाले लोकं येऊन राह्यले. झाकली मूठ सव्वा लाखाची."

दातांच्या दवाखान्यात पडद्यापलीकडं बाकावर नणंदेशेजारी नेमकी माझ्या लेकीला सांगून आलेल्या मुलाची मावशी बसलेली. तिचीही दाढ दुखत होती. काय हे माझं नशीब.

"काकू, शुगर, बीपी, आणखी काही आजार?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाई," मी म्हणाले.

डॉक्टरांनी भुलीची सुई भरली आणि मला वर्ध्याचा दवाखाना आठवला. किरणं घेताना रांगेत माझ्यापुढं एक माणूस असायचा. आधीच्या किरणांनंतर त्यानं कुणाला न विचारता दाढ काढली होती. पाणी प्यायला की त्याच्या हनुवटीखालच्या भोकातून ते गळायचं, आणि तो उपरण्यानं टिपायचा. मला आता तेवढंच दिसत होतं. सुई ओठांपाशी आली तेव्हा मी डॉक्टरांचं मनगट धरलं.

"मले कॅन्सर झालता. या जबड्याले किरणं दिली हायेत."

पडद्यापलीकडचं बोलणं थांबलं. डॉक्टर स्टुलावर बसले. "काकू, आता काढलीच असती ना मी दाढ," ते हळू म्हणाले आणि वर्ध्याच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहायला लागले.

बाहेर आले तर बाकावर नणंद एकटीच होती. मावशी दाढ न दाखवताच गेली होती. घरापर्यंत नणंद माझ्यापुढं दहा पावलं चालत राहिली.

संध्याकाळी मी लेकीला सगळं सांगितलं. ती उठली, साड्यांमागून साचा काढला, धुतला, त्यात जेल भरलं.

"आ कर," ती म्हणाली.

मी तोंड उघडलं.