कोरी सोडलेली ओळ

मोंढ्यात हळदीची पोती उतरवून घेत होतो, तेव्हा फोन आला... काका गेले. महिना होत आला, तरी माझा राग गेलेला नाही. गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. मला ते जमत नाही.

शांतवनकाका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. पुसेगावजवळच्या आमच्या खेड्यात आम्ही दहाबारा ख्रिस्ती माणसं, दर रविवारी त्यांच्या पत्र्याच्या खोलीत प्रार्थनेला जमायचो. पवित्र शास्त्रात कुठे कानामात्रेचीही चूक नाही आणि त्यातलं काही कधी नष्ट होणार नाही, यावर त्यांचा ठाम विश्वास. मी मुद्दाम डिवचायचो, "काका, इतकी वर्षं लोकायनं हातानं उतरून घेतलं. कुणी एक बी चुकलं नसंल व्हय?" "न्हाई," म्हणायचे. विषय संपला.

तीन वर्षांपूर्वी, अशाच एका रविवारी सकाळी, आठजण काठ्या घेऊन आत घुसले. त्यातले दोघं आमच्याच गावचे. त्यांनी काकूंना केस धरून बाहेर ओढलं, काकांच्या तोंडावर काठी हाणली आणि त्यांच्यापुढे शास्त्र टाकलं. "फाड. तुझ्याच हातानं फाड." काकांनी नकारार्थी मान हलवली. मग त्यांचा उजवा हात उंबऱ्यावर दाबून धरला आणि वर दगड घातला. बोटं मोडल्याचा आवाज मी ऐकला आहे. दगड पुन्हा वर गेला... तेव्हा पुस्तक ओढून मीच एक पान टरकावलं. त्यांनी त्याला काडी लावली, हसले, निघून गेले. रक्त थुंकत काकांनी पहिलं काय विचारलं? "कोणतं पान फाडलंस?"

येशूनं डोंगरावर केलेल्या उपदेशाचं होतं. वसमतहून नवी प्रत आणतो म्हटलं, तर ऐकेनात. पान त्यांना तोंडपाठ होतं. डाव्या हातानं, वाकडीतिकडी अक्षरं काढत, त्यांनी ते पावसाळाभर लिहिलं आणि पुस्तकात शिवलं. फक्त वैऱ्यांवर प्रेम करायला सांगणारी ओळ कोरी सोडली.

"ही काहून गाळली?" मी विचारलं.

"गाळली न्हाई, ठेवलीय. मनात द्वेष धरून लिवली तर खोटी होईल. ह्या पुस्तकात खोटं काईच न्हाई पायजे." पेन माझ्यापुढे धरून म्हणाले, "तुला जमत असंल तर तू लिव. पान तूच फाडलंस."

काठ्या घेऊन आलेले ते गावातले दोघं रोज मोटारसायकलनं आमच्या दारावरून जातात. मी पेन भिंतीवर भिरकावला. काका मात्र दर रविवारी त्या ओळीवर पेन टेकवायचे, बसून राहायचे आणि उचलायचे. तसेच गेले.

परवाच्या रविवारी वाचायची पाळी माझी होती. कोऱ्या जागेशी येऊन थांबलो. ओळ सगळ्यांना पाठ आहे, नुसती म्हणायची होती. कुणीच तोंड उघडलं नाही. बाहेरून एक मोटारसायकल गेली. काकूंनी दाराकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "पुढचं वाच."