आधी उलटायला शिका

दाजींचा फोन आला तेव्हा माझ्या हातात विहिरीतून नुकतीच वर काढलेली जळकी मोटर होती. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे आमच्याच बाजूचे, घोडेगावकडचे, पण मास्तर म्हणून कोकणात गेले आणि निवृत्त झाल्यावरही गुहागरच्या बाजूला समुद्राकाठीच राहिले.

"दिवाळी झाली की आठ दिवस दुकान बंद ठेवा आणि दोघंही या," ते म्हणाले. "मी दोन कयाक घेतल्यात. एक एकट्याची, एक दोघांची. समुद्रात जाऊन गळ टाकू."

कयाक मी मोबाईलवर पाहिली होती. प्लास्टिकची लांबट होडी, तिच्यावर बसायचं आणि दोन्हीकडं पातं असलेल्या वल्ह्यानं पाणी कापत जायचं. गळ मला नवा नव्हता. खोडदला माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. सुट्टीच्या दिवशी मी हमखास येडगाव धरणाच्या काठाला असतो. चिलापी मिळते, कधी रोहू, नशीब जोरावर असलं तर मरळ. पण हे सगळं काठावर बसून. पन्नाशी उलटल्यावर कुणी मला समुद्राच्या आत नेईल असं कधी वाटलं नव्हतं. मी लगेच हो म्हणालो.

"एक अट आहे," दाजी म्हणाले. "आधी उलटायला शिका."

"उलटायला?"

"मुद्दाम उलटायचं आणि खोल पाण्यातनं परत वर चढायचं. तेवढं जमलं तर नेतो. नाही जमलं तर ताईच्या हातचं कालवण खा आणि ओटीवर बसा."

येडगावच्या काठाला एका द्राक्षबागायतदारानं पर्यटकांसाठी तंबू लावलेत. त्याच्याकडं दोन कयाक आहेत आणि त्याच्या पाण्याच्या सगळ्या मोटारी दुरुस्तीला माझ्याकडंच येतात. मी विचारलं तर तो म्हणाला, "शनिवार-रविवार सोडून कवाबी न्या, भाऊ. फक्त जाकीट घातल्याबिगर पाण्यात उतरू नका."

पहिल्या सकाळी बायकोही सोबत आली. गेली वीस वर्षं ती दुकानात माझ्याबरोबर कॉइल भरते. तिचा हात माझ्यापेक्षा सफाईचा आहे हे गिऱ्हाइकांनाही ठाऊक आहे. ती काठावरच्या दगडावर बसली. मी जाकीट आवळलं, कयाकवर बसलो आणि वल्हं मारायला लागलो. पहिला अर्धा तास मी नुसताच गोल फिरत होतो. मग हळूहळू नाक सरळ राहायला लागलं. आपल्याला जमतंय या आनंदात मी चांगला पन्नास हात आत गेलो आणि दाजींनी सांगितल्याप्रमाणे एका अंगावर कललो.

उलटायला काहीच कष्ट पडले नाहीत.

चढणं मात्र होईना. मी लहानपणी विहिरीत पोहायला शिकलोय, त्यामुळं भीती नव्हती. पण कयाकची कड धरून अंग वर उचललं की ती माझ्याच डोक्यावर यायची. पाय तिच्या खाली जायचे, पोट कडेला घासायचं आणि मी पुन्हा पाण्यात. सातआठ वेळा तसंच झालं. जवळच ट्रकच्या ट्यूबवर बसून एक भोई जाळं काढत होता. माझी धडपड बघून शेवटी त्याला राहवलं नाही.

"काय राव, नाव बुडवायचीय का चढायचंय?"

मी कयाक ओढत काठाला आलो. दंड भरून आले होते. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी बायको घरूनच पंजाबी ड्रेस घालून आली आणि काठावर पोचल्यावर म्हणाली, "ते जाकीट द्या इकडं. मी बघते."

"अगं, तू कशाला?"

"कशाला म्हंजे? दाजी दोघांना या म्हनले ना? का मी तिथं वाळूत बसून तुमच्या चपला राखायच्या?"

खरं सांगायचं तर माझ्या मनात तसंच होतं. ती ताईबरोबर घरी बसेल, गप्पा मारेल, असं मी धरून चाललो होतो. तिला विचारायचं सुचलंही नव्हतं. मी जाकीट काढून दिलं.

तिचं माहेर घोडेगावच्या वर, डोंगरात. नदीच्या डोहात पोहत लहानाची मोठी झालेली. ती आत गेली, उलटली, एकदा माझ्यासारखीच घसरली. मग थोडं थांबली. दुसऱ्या वेळी तिनं कड धरली, पाय मागं पसरून पाण्याच्या वर आणले, जोरात लाथा मारल्या आणि कयाक पोटाखाली ओढून घेतली. आधी आडवी पडली, मग कूस बदलली आणि बसली. भोयानं ट्यूबवरूनच हात वर केला.

"म्हशीच्या पाठीवर आमी असंच चढायचो," ती काठाला येत म्हणाली. "तुमी वर चढायला बघता. वर चढायचंच न्हाई. पाय खाली लोंबू द्यायचे न्हाईत, अन् नाव आपल्या पोटाखाली घ्यायची."

त्या दिवशी चौथ्या प्रयत्नाला मलाही जमलं. त्यानंतर आम्ही दोघांनी रोज सकाळी एक तास पाण्यात काढला आणि मगच दुकान उघडलं. जमलं त्याच संध्याकाळी मी दाजींना फोन केला. "दोघांची कयाक आम्हाला लागेल," मी म्हणालो. ते जोरात हसले. मग तिला फोनवर बोलावून म्हणाले, "कॅलेंडर बघा आणि अष्टमीच्या आसपास या. तेव्हा भरती-ओहोटीची ओढ कमी असते."

तारीख तिनंच ठरवली. मग तयारी सुरू झाली. धरणातले माझे गळ खाऱ्या पाण्यात गंजतील म्हणून मी नवे आणले, रीळ खोलून ग्रीस भरलं. तिनं वल्हं, पक्कड, पाण्याची बाटली, माझा चष्मासुद्धा बांधायला दोऱ्या वळल्या. "पान्यात जे बांधलेलं न्हाई ते आपलं न्हाई," असं तिचं म्हणणं. शेवटच्या दिवशी तिनं डबाभर मासवड्या केल्या. मासे असणाऱ्यांच्या घरी बेसनाच्या मासवड्या कशाला, असं मी विचारलं. ती म्हणाली, "तुमच्या गळाचा काय भरवसा?"

समुद्रात पहिल्या दिवशी दाजींनी आम्हाला तास-दीड तासच ठेवलं. ते त्यांच्या एकट्याच्या कयाकवर बाजूला होते. ती पुढं, मी मागं. लाटा फुटतात तेवढा पट्टा ओलांडला की पाणी वरखाली होतं, पण धरणापेक्षा फार वेगळं वाटत नाही. खारं पाणी मात्र ओठांवर सतत लागत राहतं. कोळंबीचा तुकडा लावून तिनं गळ सोडला आणि थोड्याच वेळात तिची दांडी वाकली. शेंगाळा निघाला, मिशावाला.

"त्याच्या काट्याला हात लावू नका, विषारी असतो!" दाजी ओरडले. तिनं पकडीनंच गळ सोडवला आणि मासा परत पाण्यात टाकला.

माझा गळ तीन दिवस कोरडाच राहिला. तरी मला त्याचं काही वाटत नव्हतं. सकाळचं ऊन पाठीवर यायचं, पुढं तिचं वल्हं माझ्या वल्ह्याबरोबर पडायचं आणि काठ लांब, बारीक दिसायचा. चौथ्या सकाळी खडकाजवळ माझ्या गळाची दोरी अशी ओढली गेली की कयाकचं नाकच फिरलं. "सोडू नका, सैल द्या," दाजी म्हणत होते. ती वल्हं आडवं धरून कयाक सावरत होती. शेवटी तांबोसा वर आला, लालभडक, बोटांपासून कोपरापर्यंत लांब. मी दोरी धरून ठेवली आणि पिशवीत तो तिनंच घातला.

परत येताना मात्र वाळू दोन हातांवर असताना एक लाट मागून आली आणि आम्ही दोघं गुडघाभर पाण्यात उलटलो. ताई काठावर पदर तोंडाला लावून हसत होती. सगळं बांधलेलं होतं, त्यामुळं काही गेलं नाही. दाजींनी मासा साफ केला, ताईनं कालवण केलं. जेवून आम्ही ओटीवरच आडवे झालो ते चहाच्या वेळेला उठलो.