गळतीची सोय

दौलताबादच्या किल्ल्याखाली पेरू आणि सीताफळं विकणाऱ्या केसरबाईंचं घर गळतं, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं, कारण केसरबाईंनीच ते अख्ख्या गावाला सांगून ठेवलं होतं. घर पत्र्याचं, दोन खोल्यांचं. पाऊस लागला की चुलीवर, अंथरुणावर, देवावर, कुठे ना कुठे धार लागायची. मग केसरबाई पिशवी भरायच्या, कुलूप लावायच्या आणि पुंडलिकनगरला लेकीकडे जायच्या. पाऊस सरला की परत.

आईनं लेकीच्या घरी उगीच जाऊन राहू नये, असं त्यांचं पक्कं मत होतं. कारणानं गेलं तर पाहुणी, बिनकारणाचं गेलं तर भार. नवरा गेल्यापासून घर खायला उठायचं, पण ‘एकटीला करमत नाही’ हे त्यांच्या लेखी कारण नव्हतं. ‘घर गळतं’ हे कारण होतं. तिकडे लेकीच्या, दीपमालाच्या हातचं आयतं जेवण होतं, नातू होता आणि मुख्य म्हणजे विहीणबाई होत्या. केसरबाई आणि लक्ष्मीबाई दुपारभर ज्वारी निवडत एकमेकींच्या स्वयंपाकाला नावं ठेवायच्या. भांडायला इतकं तोलामोलाचं माणूस दौलताबादेत नव्हतं.

यंदा मे महिन्यात शहरातल्या एका चर्चचा तरुण संघ गरजूंची घरं दुरुस्त करायला गावात आला, तेव्हा गावानं एकमुखानं केसरबाईंचं घर दाखवलं.

संघाची पुढारी मेघा, नर्सिंग शिकणारी. तिनं पत्र्यांकडे पाहून ओढणी कमरेला बांधली. “आज्जी, आता पावसाळ्यात कुठं जायला नको. इथंच ऐटीत राहायचं.”

केसरबाईंचा चेहरा उतरला. “कशाला गं एवढा त्रास? उन्हानं काळी पडताल.”

“आधीच काळे आहोत आम्ही.”

“मग सरूबाईचं करा आधी. तिची भिंत बघा, पोक काढून उभी हाय.”

“त्यांचंही करणार आहोत.”

पोरं वर चढली. जुने खिळे काढले, नवे ठोकले, भोकांवर डांबरी पट्ट्या चिकटवल्या. संध्याकाळी वरून बादल्या ओतून पाहिल्या. थेंब आला नाही. टाळ्या झाल्या, एक गाणं झालं, केसरबाईंनी चहा केला, पण त्यात साखर टाकायची विसरल्या.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी ओतून तपासलं तर चुलीवर धार. पोरांनी पुन्हा ठोकलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी परत तिथंच धार. आता हातोडा कुणाच्या हातात होता यावरून पोरांत जुंपली. बाकीचे जेवायला गेले असताना मेघा पाण्याची बाटली विसरली म्हणून मागे आली, तर शिडीवर पदर खोचून केसरबाई.

“आज्जी, काय करताय?”

“खिळा पक्का बसला का, ते बघत होते.”

“तो तर तुमच्या हातात आहे.”

केसरबाई खाली उतरल्या आणि खिळा मुठीत धरून सगळं सांगून मोकळ्या झाल्या. लेक, नातू, विहीण, ज्वारी. “एकच भोक ठेव, बाई. बारीक. नायतर मी कोणत्या तोंडानं जाऊ?”

“चर्चचे पाळकसाहेब काम बघायला येणार आहेत. मला खोटं बोलता येणार नाही.”

“खोटं कशाला बोलतीस? खरंच गळंल की.”

मेघानं वर पत्र्याकडे पाहिलं. “बरं. कुठं ठेवू?”

केसरबाईंनी घरभर नजर फिरवली. “चुलीवर नको, चहा बुडतो. देवावर नको, पाप लागतं. दाराशी ठेव. आल्यागेल्याला दिसलं पाहिजे.”

मेघानं दाराशी गोल भोक पाडलं, औषधाच्या बाटलीचं रबरी बूच त्यात खालून घट्ट बसवलं आणि ओढायला दोरी बांधली. पाळकसाहेब आले, त्यांनी सगळं पाहिलं आणि दोरीपाशी थांबले. “ही काय, घंटा आहे का?”

“तसंच समजा,” मेघा म्हणाली.

आषाढात पाऊस धरून बसला. केसरबाईंनी दोन दिवस दम काढला आणि तिसऱ्या दिवशी दोरी ओढली. धारेखाली घमेलं ठेवून त्यांनी फोन लावला. “दीपे, गळायला लागलं गं.”

दुसऱ्या दिवशी रिक्षातून जावई कृष्णा उतरला. मागून लक्ष्मीबाई. कृष्णाच्या हातात भोकं बुजवायच्या लुकणाचा डबा होता.

“मामी, आता कायमचं बंद करून टाकतो. दरसाल उठून यायची दगदग नको तुम्हाला.”

जावई सोन्यासारखा होता, पण त्यानं हे सोनं नेमकं आजच उधळावं? केसरबाई धारेखालचं घमेलं उगीचच इकडेतिकडे सरकवू लागल्या.

लक्ष्मीबाईंनी वर पाहिलं. गंजलेल्या पत्र्यात असं रेखीव, गोल भोक त्यांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. मग त्यांची नजर फळीवर गेली. तिथं कंगव्याशेजारी दोरी बांधलेलं बूच होतं. त्यांनी ते उचललं, एक डोळा मिटून भोकाशी ताडून पाहिलं.

“कृष्णा, डबा ठेव रिक्षात. ओल्या पत्र्याला काय चिकटत नसतं. वाळू दे.”

“कधी वाळणार?”

“दिवाळीला,” लक्ष्मीबाई म्हणाल्या. “विहीणबाई, पिशवी भरा. ज्वारीत किडे झालेत आणि तुमची लेक चष्मा लावूनसुद्धा ते निवडत नाय. तिला आईनं काय शिकवलं कोण जाणे.”

“सासूनं तरी काय शिकवलं?” केसरबाईंनी घमेलं सोडून कंबर ताठ केली.

त्या पिशवी भरून बाहेर आल्या आणि त्यांनी बुचासाठी हात पुढे केला. लक्ष्मीबाईंनी दोरी बुचाभोवती गुंडाळली आणि ते आपल्या बटव्यात टाकलं.

“हे माझ्याकडं राहू द्या,” त्या म्हणाल्या. “तुमचा काय भरवसा? एखाद्या साली लावून बसाल.”